घर घेणाऱ्याला घराची प्रकृती कळली पाहिजे

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उपकरप्राप्त इमारतींचे सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची नावे जाहीर करते. महानगरपालिका आपली यादी वेगळी काढते. रहिवाशांना नोटिसा जातात, वृत्तपत्रांत चार दिवस चर्चा होते आणि श्रावण सरला की सारे विसरले जाते. मधल्या काळात एखादी इमारत कोसळली तर मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि पुढच्या जूनपर्यंत शांतता नांदते.

या क्रमाची सवय आपल्याला इतकी जडली आहे की एक साधा प्रश्न विचारायचे आपण विसरलो आहोत. या इमारतींतील घरे ज्यांनी आयुष्याची पुंजी मोजून विकत घेतली, त्यांना व्यवहाराच्या दिवशी त्या इमारतीच्या प्रकृतीविषयी काय माहीत होते? २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली आणि १६ जण मेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. २७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरारमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला व १७ जणांचा बळी गेला. तीही वयाने जीर्ण म्हणावी अशी नव्हती. जुनी तेवढी इमारत वाईट आणि नवी तेवढी चांगली, हा आपला ठोकताळा या घटनांनी खोटा ठरवला आहे. इमारतीची प्रकृती तिच्या वयावरून किंवा रंगावरून कळत नाही; ती तपासावी लागते.

आता घरखरेदीचा आपल्याकडील रिवाज पाहा. गिरणीतून, बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेला माणूस भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येताच ठाण्यात किंवा डोंबिवलीत जुन्या सोसायटीतील दोन खोल्यांचे घर पाहतो. नोकरीतला तरुण वीस वर्षांचे कर्ज काढून तेच करतो. वकील मालकीहक्काचा तीस वर्षांचा शोध घेतो. सोसायटी थकबाकी पाहून दाखला देते. बँकेचा मूल्यमापक येऊन क्षेत्रफळ मोजतो. मग शासन आपला वाटा घेते. मुंबईत पन्नास लाखांचे घर पुरुषाच्या नावे घेतले, तर सहा टक्क्यांनी तीन लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि तीस हजार रुपये नोंदणी फी भरावी लागते. या साऱ्या सोपस्कारांत कागद कितीदा तरी तपासले जातात. मात्र ज्या पिलरवर ते घर उभे आहे तो पिलर कोणीही तपासत नाही. खरेदीदार स्वतः भिंतीवर हात फिरवतो, नळ सोडून पाहतो, पश्चिमेचा वारा येतो म्हणून समाधान मानतो आणि बयाणा देतो.

येथे बँकेच्या मूल्यमापनाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. ‘बँकेने कर्ज दिले म्हणजे घर पक्केच असणार’, असे वाक्य सर्रास ऐकू येते. पण बँकेला जाणून घ्यायचे असते ते एवढेच की उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपली रक्कम वसूल होईल की नाही. त्या अहवालाचे पैसे कर्जदार भरतो, अहवाल मात्र बँकेसाठी असतो आणि बहुधा कर्जदाराच्या दृष्टीसही पडत नाही. याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये ‘स्मिथ विरुद्ध एरिक बुश’ हा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. घरातील धुराड्याचा खालचा भाग पूर्वीच काढून टाकलेला होता; वरचा भाग निराधार राहिला आहे की काय, हे कर्जसंस्थेच्या तपासनिसाने पाहिले नाही. पुढे तो भाग कोसळला. तपासनिसाची नेमणूक कर्जसंस्थेने केली असली तरी साधे घर घेणारी व्यक्ती त्याच अहवालावर विसंबणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून तिच्याप्रतीही तो जबाबदार आहे, असा निर्णय १९८९ साली लागला. आपल्याकडे कर्जदाराला अहवालाची प्रत मिळावी एवढी मागणी करायलाही अजून कोणी उठलेले नाही.

स्थितीपरीक्षण म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. कारण पुष्कळांच्या मते तो अभियंत्याने दिलेला एक शिक्क्याचा कागद असतो. आर.सी.सी. इमारतीचे बळ काँक्रीटच्या पोटातल्या पोलादी सळ्यांत असते. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे ते सळीला गंजापासून वाचवते. काळ जातो तसा हवेतील कर्बवायू काँक्रीटमध्ये शिरून हे कवच निकामी करतो. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा त्यात भर घालते आणि गच्चीतून, न्हाणीघरातून झिरपणारे पाणी उरलेले काम पुरे करते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो. त्या दाबाने काँक्रीटला सळीच्या रेषेत तडा जातो, पोपडे सुटतात आणि सळी उघडी पडते. घर विकायला काढताना नेमक्या याच खुणा बुजवल्या जातात. गिलावा, रंग आणि वरून पीओपीचे छत एवढ्या सामग्रीवर आजारी स्लॅब नवा दिसू शकतो.

अभियंता या रंगाच्या आड पाहतो. प्रथम तो डोळ्यांनी तपासणी करतो: तडे कोठे आहेत, आडवे की उभे, ओल कोणत्या बाजूने येते, कोणी भिंत काढली आहे काय, गच्चीवर मूळ आराखड्यात नसलेली टाकी बसवली आहे काय. त्यानंतर हातोडीसारख्या उपकरणाने पृष्ठभागाचा कठीणपणा मोजला जातो. ध्वनिलहरी आरपार पाठवून आत पोकळी आहे काय ते पाहतात. विद्युतविभव मोजून सळी गंजण्याचा संभव अजमावतात. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण टाकले, तर निरोगी भाग गुलाबी होतो आणि कवच गमावलेला भाग बेरंग राहतो. शंका उरलीच तर काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून पाहतात. या चाचण्यांत गूढ असे काही नाही. रक्तदाब किंवा रक्तातील साखर तपासण्याइतक्याच त्या नित्याच्या आहेत.

घर घेणाऱ्याला याचा उपयोग तीन प्रकारे होतो. घर घेऊ नये असा निष्कर्ष निघाला तर तो वेळीच मागे फिरू शकतो. दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर त्याच्या खर्चाइतकी किंमत कमी करून मागण्याला त्याच्या हाती आधार येतो. आणि घर घ्यायचेच ठरले तर येत्या पाच वर्षांत सोसायटी मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मागणार आहे, हे त्याला आधी कळते. कर्जाच्या हप्त्यात पगाराचा निम्मा भाग जाणाऱ्या कुटुंबाला या तिसऱ्या गोष्टीचे मोल फार आहे. ताबा घेतल्यावर सहा महिन्यांत दोन-तीन लाखांची मागणी पुढे आली, तर असे कुटुंब सावकाराच्या दारात उभे राहते.

अर्थशास्त्राने या दुखण्याचे निदान फार पूर्वी केले आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाच्या मागे तो निबंध आहे. विकणाऱ्याला वस्तूचा दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला तो अज्ञात, अशा बाजारात घेणारा सर्वच मालाला सरासरी भाव देतो. मग चांगल्या मालाच्या मालकाला योग्य भाव मिळत नाही, तो बाजारातून दूर होतो आणि मागे वाईट मालाचाच भरणा राहतो. जुन्या घरांच्या बाजाराला हे अक्षरशः लागू पडते. ज्या सोसायटीने वेळेवर गच्चीची गळती थांबवली, सळ्यांना लेप दिला आणि सभासदांकडून नियमित दुरुस्तीनिधी जमा केला, तिच्या घराला आणि शेजारच्या हेळसांड झालेल्या इमारतीतील घराला त्या रस्त्याचा एकच चौरसफुटी दर लागतो. मग दुरुस्तीसाठी पैसे काढायला सभासदांनी का राजी व्हावे? बाजाराला आपण माहितीचा राजा म्हणतो. पण माहिती लपवण्यात जेथे फायदा असतो तेथे तो आपणहून कधीच बोलत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक होय, असेही त्या कलमात आहे. तत्त्व उत्तम आहे, परंतु त्याची मेख ‘माहीत असलेला’ या शब्दांत आहे. परीक्षण केलेच नाही तर दोष माहीत होत नाही आणि माहीत नसलेला दोष सांगण्याचे बंधन नाही. म्हणजे अज्ञान हीच विकणाऱ्याची ढाल ठरते आणि शहाणा विक्रेता परीक्षणाच्या वाटेला जात नाही. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नव्या इमारतींपुरता दिलासा दिला: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष दाखवला, तर बांधकाम व्यावसायिकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. परंतु पंचवीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या हाताने घर घेणाऱ्याला या तरतुदीचा काहीच उपयोग नाही, आणि कामगार-कर्मचाऱ्याला परवडते ते असेच घर.

येथे आपल्या शहरांचे एक वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पुष्कळ लोक स्वतंत्र घर घेतात. तपासनीस छपरापासून पायापर्यंत सारे पाहू शकतो. मुंबईत आपण घेतो ती चौथ्या मजल्यावरची खोली. तिचा पाया पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या घरातून जातो, तिचे छप्पर सातव्या मजल्यावर असते. आपल्या खोलीपुरते परीक्षण कितीही कसून केले तरी तळमजल्याच्या दुकानदाराने खांब तासला आहे की नाही, हे त्यातून कळणार नाही. घाटकोपरच्या दुर्घटनेने हा धडा फार महाग किंमत घेऊन शिकवला. जिना, खांब, गच्ची ही सामाईक मालमत्ता आहे. म्हणून परीक्षणही सामाईकच असले पाहिजे. एकट्या खरेदीदाराने पदरचे पैसे घालून अभियंता आणावा, हा उपाय येथे अपुरा पडतो. हे काम सहकारी संस्थेचे आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या शासनाचे आहे.

तशी तरतूद कागदावर आहेही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी रचनात्मक परीक्षण व्हावयास हवे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीला नोंदणीकृत अभियंत्याचा स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो. परीक्षणाअंती इमारतीची वर्गवारीही ठरते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नियम आहेत, वर्ग आहेत, अभियंते आहेत. नाही ते एवढेच की हा अहवाल घर घेणाऱ्याच्या हाती पडण्याची सोय. तो सचिवाच्या कपाटात असतो. आणि सभासद होण्यापूर्वी तो मागण्याचा अधिकार खरेदीदाराला नाही. घर घेऊन झाल्यावर त्याला तो पाहता येतो, म्हणजे उपयोग संपल्यावर.

स्कॉटलंडने यावर काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. तेथे बंद लिफाफ्यातून बोली लावून घर घेण्याची पद्धत होती. प्रत्येक बोलीदार आधी स्वतःच्या खर्चाने परीक्षण करवून घेई; बोली हुकली की तो खर्च वाया जाई आणि पुढच्या घरासाठी पुन्हा तोच खर्च. पैसेवाल्याला हे झेपे, पहिले घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला नव्हे. १ डिसेंबर २००८ पासून तेथे घर विक्रीला काढणाऱ्यानेच ‘होम रिपोर्ट’ करवून घेणे बंधनकारक झाले. त्यात तज्ज्ञाचे स्थितीपरीक्षण, ऊर्जेविषयीचा अहवाल आणि विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली असते. घराच्या प्रत्येक भागाला एक ते तीन अशी वर्गवारी दिली जाते. तीन म्हणजे तातडीने दुरुस्ती. एकच अहवाल सर्व इच्छुकांना मिळतो. इंग्लंडने २००७ साली असाच प्रयत्न केला, परंतु घराच्या स्थितीचा अहवाल त्यातून आधीच ऐच्छिक करून टाकला. ज्यातला गाभाच काढला त्या योजनेचे समर्थन कोण करणार? २०१० साली नव्या सरकारने ती गुंडाळली. दोन शेजारी देशांच्या या अनुभवातून निघणारा बोध सरळ आहे: अर्धवट सक्ती ही नसलेल्या सक्तीपेक्षा लवकर मरते.

आक्षेप अनेक घेतले जातील. पहिला खर्चाचा. चाळीस घरांच्या इमारतीचे परीक्षण चाळीस वाटण्यांत विभागले गेले तर प्रत्येकावर पडणारा बोजा व्यवहाराच्या मानाने नगण्य असतो. एका व्यवहारात लाखो रुपये मुद्रांक शुल्क घेणाऱ्या शासनाने त्यातील लहानसा हिस्सा छोट्या व गरीब सोसायट्यांच्या परीक्षणासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. दुसरा आक्षेप असा की अहवाल उघड झाला तर जुन्या घरांच्या किमती पडतील आणि विकणारा गरीब माणूसच मरेल. या आक्षेपात तथ्य आहे, ते उडवून लावू नये. परंतु आज ते नुकसान नाहीसे होत नाही, शेवटच्या खरेदीदाराच्या गळ्यात पडते एवढेच. उघड झालेला दोष दुरुस्त होतो. झाकलेला दोष वाढत जातो.

तिसरा धोका आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष जाणून घ्यावा असा आहे. परीक्षण हे दुधारी हत्यार आहे. जेथे जमिनीचा भाव चढला आहे तेथे मालकाला किंवा विकासकाला इमारत सी-१ ठरायला हवी असते, म्हणजे भाडेकरू बाहेर काढता येतात. भाडेकरू दुसरा अभियंता आणतात, तो इमारत दुरुस्त होण्याजोगी ठरवतो. परस्परविरोधी अहवालांसाठी महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली, यावरून हा प्रकार किती वाढला आहे ते दिसते. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. तरी बाहेर पडलेला माणूस परत येईपर्यंत किती वर्षे जातात, हे गिरणगावात वेगळे सांगायला नको. म्हणून ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याने अभियंता निवडू नये. महापालिकेच्या सूचीतून आळीपाळीने नेमणूक व्हावी, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा या कामाला जोडाव्यात आणि चाचण्यांचे मूळ आकडे अहवालासोबत जोडलेले असावेत.

आणि एक मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अनधिकृत इमारतींत, जेथे सोसायटीच नाही आणि करार नोटरीच्या कागदावर होतो, तेथे वरील उपाय पोहोचत नाहीत. तेथील प्रश्न परवडणाऱ्या घरांच्या टंचाईचा आहे. धोका दिसत असूनही माणूस तेथे राहतो, कारण दुसरीकडे जाण्याची त्याची ऐपत नसते. घरे बांधल्याविना त्याला उत्तर नाही. परंतु मोठा प्रश्न सुटत नाही म्हणून लहान प्रश्न सोडवू नये, हा युक्तिवाद आम्हास मान्य नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. पंधरा वर्षांवरील इमारतीतील घराच्या विक्रीकराराची नोंदणी करताना मुदतीतील परीक्षण अहवाल जोडणे बंधनकारक करावे. महापालिका व नगरपालिकांनी हे अहवाल प्रभागवार सर्वांना पाहण्यास खुले ठेवावेत. बँकांनी मूल्यमापनाची प्रत कर्जदाराला द्यावी. गरीब संस्थांच्या परीक्षणाचा खर्च मुद्रांक शुल्कातून भागवावा. सी-१ ठरलेल्या इमारतीतील प्रत्येक रहिवाशाच्या क्षेत्राचा लेखी दाखला इमारत रिकामी होण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावा.

शासनाने हे करीपर्यंत आपल्या साथींना पुष्कळ करता येण्याजोगे आहे. आपल्यातील अनेकजण गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. आपल्या संस्थेचे शेवटचे परीक्षण कधी झाले, हे त्यांनी येत्या वार्षिक सभेत विचारावे. झाले नसेल तर ठराव मांडावा. झाले असेल तर अहवालाचा गोषवारा सूचनाफलकावर लावावा आणि घर पाहायला येणाऱ्याला तो मागण्याआधी दाखवावा. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सभेत थोडा वाईटपणा येईल, घर विकायला काढलेले चार सभासद रागावतील. परंतु आपल्या इमारतीत राहायला येणाऱ्या कुटुंबापासून तिची प्रकृती लपवून ठेवणे आणि पहिल्याच पावसात त्याच कुटुंबाला शेजारधर्म शिकवणे, हे सहकाराच्या नावाखाली चालू देता कामा नये.